चौदा बोल्ट

आमच्याकडं माणसं ट्रक बघायची ती वरून. केबिनच्या कपाळावर देवाचं नाव काय लिहिलंय, आरशाला गोंडे कसले लावलेत, फाळक्यावर मोर काढलाय की वाघ, हॉर्न किती सुरांचा आहे. आण्णा मात्र ट्रक बघायचे खालून. कुणी नवी-जुनी गाडी घेतली आणि दाखवायला आणली, की आण्णा धोतर वर खोचून आधी गाडीखाली सरकायचे. पेढा नंतर.

"गाडी म्हंजे दोन चॅनेल आन् त्येंना धरून ठेवणारी रिबिटं," असं ते म्हणायचे. "बाकी सगळा साज."

त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. ट्रकच्या खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन लांब पोलादी चॅनेल असतात. त्यांना आडवे जोडणारे क्रॉस-मेंबर असतात. पाट्यांचे हँगर या चॅनेललाच बसवलेले असतात. या सगळ्याला मिळून चेसी म्हणतात. कारखान्यात चेसी जोडताना रिवेट वापरतात. आमच्या भागातले मिस्त्री त्याला रिबिट म्हणायचे, आणि मीही तेच म्हणणार. रिबिट म्हणजे डोकं असलेला पोलादाचा जाड खिळा. भोकातून घालायचा आणि दुसऱ्या बाजूनं प्रचंड दाबून तिकडंही डोकं करायचं. दाबताना तो आतल्या आत फुगतो आणि भोक काठोकाठ भरून टाकतो. हलायला जागाच राहत नाही. कलकत्त्याचा हावडा पूल १९४३ साली वाहतुकीला खुला झाला, तो अशा रिबिटांवरच उभा आहे.

पण रिबिटाचं एक असतं. ते एकदा ढिलं झालं की घट्ट करता येत नाही. त्याला ना आटे, ना नट.

आमचा ट्रक सहाचाकी, जुना. आण्णांनी तो दुसऱ्या मालकाकडून घेतला होता, सोसायटीचं आणि पाहुण्यांचं असं दोन्हीकडचं कर्ज काढून. येरळेकाठचं आमचं गाव. शेती होती, पण भावाभावांत वाटून एवढीशी झालेली. ट्रकवरच घर चालायचं. गळिताच्या हंगामात ऊस, उन्हाळ्यात विटा आणि वाळू, पावसाळ्यात मिळेल ते. उसाची भरणी कशी असते हे ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. फाळक्याच्या वर माणूसभर उंच मोळ्या रचायच्या, दोर आवळायचे आणि शेताच्या ओल्या सरीतून हेलकावे खात गाडी रस्त्याला काढायची. त्या हेलकाव्यात एक चॅनेल वर जातो, दुसरा खाली. चेसी पिळवटते. तो पीळ झेलतात रिबिटं.

१९९६ साल. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. मी मिरजेला अकरावीला होतो, सुट्टीला घरी आलेलो. हंगामाआधी गाडी धुवायची आमची पद्धत होती. नदीवर नेऊन खालून-वरून घासायची, ग्रीस भरायचं, मग पूजा. धुऊन झाल्यावर आण्णा खाली सरकले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग हाक आली, "बॅटरी आण रं."

मी खाली गेलो. उजव्या बाजूच्या मागच्या पाट्याचा पुढचा हँगर जिथं चॅनेलला बसवलाय, तिथं रिबिटांच्या डोक्याखालून तांबूस ओघळ आले होते. पान खाऊन कुणी भिंतीवर पिंक टाकावी तसे. आत्ताच धुतलेल्या लोखंडावरही त्या ओघळांची खूण राहिली होती.

"ह्यो गंज न्हवं," आण्णा म्हणाले. "साधा गंज सगळीकडं येतो. ह्यो आतनं येतोय. आत कायतरी घासतंय."

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडं नेली. त्यांचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला चार पत्रे, एक लिंब आणि एक खड्डा. वयानं ते आण्णांहून मोठे. पोरवयात ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागले होते. बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी तेव्हा मिरजेपर्यंत यायची. तिचे डबे, वाघिणी त्या वर्कशॉपात दुरुस्त व्हायच्या आणि तिथं रिबिटं तापवून मारायची. एकजण भट्टीत लाल करायचा, दुसरा चिमट्यानं आणून भोकात घालायचा, तिसरा मागून जड ठोकळा लावून धरायचा आणि चौथा पुढून ठोकायचा. निवताना रिबिट आकसतं आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतं. मिस्त्रींनी ठोकळा धरण्यात काही वर्षं काढलेली. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, ते तेव्हापासून.

पण रिबिट ऐकायला त्यांना कान लागत नव्हता. रिबिटाच्या डोक्याच्या एका कडेला बोट ठेवायचं आणि दुसऱ्या कडेनं लहान हातोडीनं टिचकी मारायची. घट्ट रिबिट टणकन वाजतं आणि बोटाला काही कळत नाही. ढिलं असलं की आवाज बसका येतो आणि बोटाखाली बारीक थरथर लागते. त्यांनी माझं बोट धरून एका रिबिटावर ठेवलं आणि दुसऱ्या बाजूनं ठोकलं. मुंगी चावावी एवढंच जाणवलं, पण जाणवलं.

हँगरच्या सहा रिबिटांपैकी चार ढिली निघाली. शेजारच्या क्रॉस-मेंबरच्या आठांपैकी पाच.

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी पारावर सल्ल्यांचा पाऊस. एकजण म्हणाला, "डोक्याभोवती वेल्डिंगचं कडं मारा, अर्ध्या तासाचं काम." दुसरा म्हणाला, "कशाला? बाजारातनं बोल्ट आणा, आवळा, स्प्रिंग वॉशर टाका, झालं." तिसऱ्याचं म्हणणं, हा हंगाम असाच काढा आणि पाडव्याला बघा. सगळ्यांच्या गाड्यांना तसंच काहीतरी केलेलं होतं आणि सगळ्यांच्या गाड्या चालत होत्या. त्यामुळं कुणी खोटं बोलत होतं असं नाही.

अडचण वेगळीच होती. बीडकडच्या मुकादमाला आण्णांनी उन्हाळ्यातच उचल पोचती केली होती, चौदा कोयत्यांची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. टोळी आणायला गाडी आपलीच जायची होती, चार दिवसांनी. कारखान्याचं बॉयलर पेटलं होतं. उशीर झाला तर तोडीची पाळी मागं पडणार आणि टोळी तिकडं बसून राहणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मिस्त्रींनी आण्णांना चहा दिला आणि एकेक सांगितलं. मी शेजारी टायरवर बसून ऐकत होतो.

"आण्णा, वेल्डिंग करायचं आसंल तर दुसरीकडं जावा. म्या न्हाय करणार. चेसीचं पोलाद साधं न्हवं. त्येला वेल्डिंगची आच लागली की डागाच्या कडंला ते बिघडतं, आन् पीळ बसला की तितनंच चिरतं. रिबिट तुटलं तर रिबिट बदलता येतं. चॅनेल चिरला तर काय बदलता?"

"मग परत रिबिटंच मारली तर?"

"गार रिबिट दाबायला कारखान्यातलं मशीन पायजे. हातानं ठोकून भोक भरत न्हाय, नुसतं डोकं हुतं. दिसायला झ्याक, आत पोकळ. बोल्टच घालायचं. पर बोल्ट कुठला, ह्येच्यावर सगळं हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. उद्यमनगरात. त्या गल्ल्यांत शिरलं की ओतकामाचा आणि कटिंग ऑइलचा एक वास येतो. तिथल्या एका दुकानात भिंतभर लाकडी खण होते आणि प्रत्येक खणात बोल्ट. मला वाटायचं, बोल्ट म्हणजे बोल्ट. त्या दिवशी कळलं की बोल्टाच्या डोक्यावर त्याची पत्रिका लिहिलेली असते.

साध्या बोल्टावर ४.६ असतं किंवा काहीच नसतं. चांगल्यावर ८.८, त्याहून वर १०.९, मग १२.९. मिस्त्रींनी ते मला त्यांच्या हिशेबानं समजावलं. पहिला आकडा दहानं गुणायचा. तेवढे किलो वजन एक चौरस मिलिमीटर पोलाद तुटण्याआधी पेलतं. म्हणजे १०.९ चं साधारण शंभर किलो, ४.६ चं चाळीस. टिंबापुढचा आकडा सांगतो की त्यातला किती भाग ताणला तरी बोल्ट परत मूळ लांबीवर येतो. .९ म्हणजे नव्वद टक्के, .६ म्हणजे साठ. त्यापुढं ताणला की तो लांब होतो आणि लांबच राहतो. मग नट कितीही आवळलेला दिसो, पकड गेलेली असते.

"मग बारा-नऊ घेऊ या की," मी म्हणालो. दुकानदारही तोच पुढं करत होता, चकचकीत मुलामा दिलेला.

मिस्त्री हसले. "लई कडक माणूस वाकत न्हाय, एकदम तुटतो. आन् येवढ्या कडक पोलादाला मुलामा देताना कदी कदी त्येच्यात ठिसूळपणा शिरतो. आपली गाडी हेलकावं खाणारी. तिला घट्ट धरणारा पायजे, पर जरा सोसणारा बी पायजे. दहा-नऊ."

मग बारीक आट्यांचे की जाड आट्यांचे? बारीक. चौदा मिलिमीटरच्या बोल्टाला जाड आटे दोन मिलिमीटर अंतरावर असतात, बारीक दीड. बारीक आट्यांचा बोल्ट जास्त ताणून आवळता येतो आणि हादऱ्यानं सहज मागं फिरत नाही.

खरी मेख लांबीत होती. हँगर दहा मिलिमीटर, चॅनेल सहा, दोन्हीकडं तीन-तीन मिलिमीटरचे कडक वॉशर, वर नट. हिशेबानं चाळीसचा बोल्ट पुरला असता आणि दुकानदारानं तोच काढून ठेवला होता. मिस्त्रींनी तो उचलून आण्णांच्या डोळ्यासमोर धरला. "ह्येला बगा, मुंडक्यापातूर आटं. आटं म्हंजे खाचा. हँगर आन् चॅनेल जिथं एकमेकावर घासाय बगतात, नेमक्या तितं खाचा आल्या तर बोल्ट तिथंच कापला जाणार. तितं गुळगुळीत अंगच पायजे." म्हणून हँगरला पंचावन्नचा आणि क्रॉस-मेंबरला पन्नासचा. त्यात आटे शेवटच्या चौतीस मिलिमीटरला, बाकी सगळं अंग भरीव. नटाच्या बाहेर शेपूट उरेल ते करवतीनं कापायचं, गॅसनं नाही.

एवढ्यावर थांबले नाहीत. खिशातून कापडात गुंडाळलेला व्हर्नियर काढला आणि एकेक बोल्टाचं अंग मोजायला बसले. चौदाचा म्हणून विकलेला बोल्ट बरोबर चौदा कधीच नसतो, थोडा बारीकच असतो. कुणी १३.७, कुणी १३.९. रिबिटानं भोक काठोकाठ भरलेलं होतं, बोल्टानंही जमेल तेवढं भरलं पाहिजे. शंभरभर बोल्टांतून त्यांनी वीस जाड अंगाचे निवडले. दुकानदार वैतागला.

"ओ मिस्त्री, भाजी घेताय काय निवडून?"

"भाजी आसती तर न्हाय निवडली," मिस्त्री म्हणाले आणि पुढचा बोल्ट उचलला.

नट सगळे पोलादी लॉकनट, त्याच दर्जाचे. नायलॉन कडीचेही चांगले असतात, पण तो क्रॉस-मेंबर सायलेन्सरजवळून जात होता. तापल्यावर नायलॉन काय धरणार? स्प्रिंग वॉशर त्यांनी घेतलेच नाहीत. एवढ्या ताणाखाली तो चपटा होऊन पडून राहतो, म्हणाले. पैसे साध्या बोल्टांच्या कितीतरी पट झाले. आण्णांनी बंडीच्या आतल्या खिशातून काढून दिले आणि परतीच्या एसटीत गप्प बसले.

कामाला साडेतीन दिवस लागले. आधी गाडी जॅकवर आणि लाकडी ठोकळ्यांवर अशी घेतली की पाट्यावरचा भार निघाला. ढिली होती नऊ, पण मिस्त्रींनी चौदाच्या चौदा बदलायची ठरवली. एकाच जोडात काही रिबिटं आणि काही बोल्ट ठेवले तर भार सारखा वाटला जात नाही, कुणीतरी एक जास्त सोसतो आणि आधी जातो. मात्र सगळी एकदम काढायची नाहीत. एक काढायचं, तिथं बोल्ट घालायचा, मगच दुसरं. नाहीतर हँगर जागचा सरकला तर मागचं चाक वाकडं चालणार.

डोकं ग्राइंडरनं घासायचं, मधोमध पंच मारायचा, ड्रिल लावायचं आणि उरलेला दांडा ठोकून बाहेर काढायचा. तिसऱ्या रिबिटाचं डोकं घासल्यावर मिस्त्री थांबले. दांडा ठोकायची गरजच पडली नाही. बोटानं ढकलल्यावर तो टपकन खाली पडला. आतून केव्हाच तुटला होता. दोन्हीकडची डोकी नुसती रंगाच्या आणि चिखलाच्या आधारानं बसलेली. असं आणखी एक निघालं. भोकं गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी झाली होती. मधून पिठासारखी तांबडी पूड गळत होती.

आण्णांनी तो तुटका दांडा तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ बघत उभे राहिले. "गेल्या साली ह्येच्यावर टोळी आणली आपण," एवढंच म्हणाले.

भोकं रीमरनं चौदाची गोल केली. बोल्ट हातानं सरकत नव्हता, हलक्या हातोडीनं आत जात होता. तसाच हवा होता. आवळायला मिस्त्रींनी ओळखीच्या वर्कशॉपातून टॉर्कचा पाना आणला होता. वीस किलोला तो खट करून वाजायचा. वाजला की थांबायचं. "हातात लई ताकद हाय म्हणून आवळत बसायचं न्हाय," हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. शेवटी प्रत्येक नटावरून बोल्टाच्या शेपटीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसणार.

तिसऱ्या दिवशी मुकादमाचा गावातल्या पीसीओवर फोन आला. आण्णांनी खरं ते सांगितलं, गाडी खोलली आहे, दोन दिवस थांबा. तिकडून आवाज चढला, "मालक, लोकं ओट्यावर बोचकी बांधून बसलेत. दुसऱ्या कारखान्याची गाडी दारात उभी हाय." आण्णा म्हणाले, "ज्येंना जायचंय त्येंना जाऊ द्या. पर मी ह्या गाडीत माणसं बसवणार हाय, माल न्हाय."

आम्ही पोचलो तेव्हा चौदांपैकी सहा कोयते दुसऱ्या गाडीत बसून गेले होते. त्यांची उचल गेली ती गेलीच. आण्णांना ती फेडायला पुढची दोन वर्षं लागली. आईच्या पाटल्या त्याच हंगामात सोसायटीच्या हप्त्याला गेल्या. हे मी इथं लिहितो आहे, कारण चांगल्या कामाची किंमत बोल्टाच्या पावतीवर पूर्ण लिहिलेली नसते.

उरलेले आठ कोयते, त्यांची पोरं, दोन म्हाताऱ्या, शेळ्या, कोंबड्यांचं डालगं, चुलीची लोखंडी पट्टी, पाण्याचे हंडे असं सगळं गाडीत चढलं. एका म्हातारीनं चढायच्या आधी आण्णांना विचारलं, "मालक, गाडी नीट हाय नव्हं? लेकरं हायेत."

आण्णा म्हणाले, "नीट हाय, माय."

एरवी या प्रश्नाला सगळेच मालक हेच उत्तर देतात. पण येरमाळ्याचा घाट उतरताना, बार्शीच्या पुढं खड्ड्यांत गाडी आपटताना मी आण्णांकडं बघत होतो. ते ड्रायव्हरशेजारी मांडी घालून निवांत झोपले होते. गेली सगळी वर्षं टोळी आणताना ते रात्रभर जागे असायचे, हे मला ठाऊक होतं.

कुर्डुवाडीच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा मी बॅटरी घेऊन गाडीखाली गेलो. मिस्त्रींनी बजावून सांगितलं होतं, पहिल्या फेरीत रेघा बघायच्या. माझ्या मागोमाग टोळीतला सहा-सात वर्षांचा एक पोरगा सरपटत आला. "काय बघतो रे दादा?" मी त्याला रेघा दाखवल्या. त्यानं एकेकीवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. त्याला दहापर्यंतच येत होतं. दहा झाल्यावर तो पुन्हा एकपासून सुरू झाला आणि चारवर थांबला. चौदाच्या चौदा रेघा सरळ होत्या.

हंगामभर दर पंधरा दिवसांनी मिस्त्री पाना लावून बघायचे. पहिल्या वेळी दोन नट थोडेसे घ्यावे लागले, मग तेही नाही. ती गाडी आम्ही पुढं नऊ वर्षं चालवली. विकताना गिऱ्हाईक वरून बघत होतं, रंग, टायर, इंजिनाचा आवाज. आण्णांनी त्याला हाताला धरून खाली नेलं आणि चौदा बोल्ट दाखवले. किंमत त्यानं काही वाढली नाही.

आता आमच्याकडं ट्रकपेक्षा ट्रॅक्टरच जास्त. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून जातात. आण्णा नाहीत, मिस्त्री नाहीत. लिंब आहे. दसरा झाला की बीड, पाटोदा, आष्टीकडून भरलेल्या गाड्या अजूनही रात्री-अपरात्री जाताना दिसतात. फाळक्यावरून पोरांची डोकी बाहेर आलेली असतात, बायकांनी तोंडावरून पदर घेतलेले असतात. अशी गाडी ढाब्यावर उभी दिसली की मी मोटारसायकल थांबवतो. ड्रायव्हरला पान-तंबाखू विचारतो आणि बोलता बोलता खाली वाकून मागच्या हँगरकडं नजर टाकतो. बहुतेक वेळा चिखलच असतो. पण दोनदा तो तांबूस ओघळ दिसला. दोन्ही वेळा मी ड्रायव्हरला बोटानं दाखवला आणि टिचकी मारून कसं बघायचं ते सांगितलं. एकानं ऐकून घेतलं आणि निघून गेला. दुसऱ्यानं हातोडी काढली.